मध्ययुगीन युरोपांतील रोगकल्पना व रोगोपचार

पूर्वजांच्या अज्ञानास हंसण्यासारखें सोपें काम दुसरें नाहीं. मध्ययुगांतील युरोपियन वैद्य रोग्यास शस्त्र लावण्यापूर्वीं पंचांग पाहत असे, अशक्त झालेल्या माणसाचेंही रक्त काढीत असे, आणि राजानें हात लाविला म्हणजे गंडमाळा बऱ्या होतात असें चांगले विद्वान् लोक मानीत असत, हें वाचून आजच्या शाळेंतील मुलांनाही मौज वाटते. परंतु मौज पुरविणें हें इतिहासाचें काम नव्हे. ज्या लोकांनीं शार्त्र येथील भव्य प्रार्थनामंदिर उभारलें, ज्यांनीं बोलोन्या, पॅरिस व ऑक्सफर्ड येथें विद्यापीठें चालविलीं आणि तर्कशास्त्राचा कीस काढला, तेच लोक रोगाच्या बाबतींत असे कां वागले, हा खरा विचारण्याजोगा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही त्याचा विचार विशेषेंकरून चौदाव्या शतकांतील महामारीच्या अनुषंगानें करणार आहों. शांततेच्या काळीं कोणतीही विद्या दिमाखानें मिरवूं शकते. तिची परीक्षा संकटांत होते, आणि त्या परीक्षेंत केवळ वैद्यांचीच नव्हे तर सर्व समाजाची पारख होते.

त्या काळच्या वैद्यकाचा पाया ग्रीक लोकांनीं घातलेला होता. हिपॉक्रेटिसाच्या परंपरेंत उदय पावलेली व इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलेन यानें व्यवस्थित मांडलेली उपपत्ति अशी कीं, मनुष्याच्या शरीरांत चार रस आहेत: रक्त, कफ, पीत पित्त आणि कृष्ण पित्त. रक्त उष्ण व आर्द्र, कफ शीत व आर्द्र, पीत पित्त उष्ण व शुष्क, कृष्ण पित्त शीत व शुष्क. या चार रसांची सांगड चार महाभूतांशीं, चार ऋतूंशीं, आयुष्याच्या चार अवस्थांशीं आणि चार स्वभावांशीं घातलेली होती. रसांचें प्रमाण सम राहिलें म्हणजे आरोग्य, बिघडलें म्हणजे रोग. आणि वैद्याचें काम एवढेंच कीं, जें वाढलें असेल तें काढून टाकावें व जें उणें पडलें असेल तें आहारविहारानें भरून काढावें. वात, पित्त व कफ यांच्या भाषेंत वाढलेल्या आमच्या वाचकांस ही विचारसरणी मुळींच परकी वाटणार नाहीं. पपई उष्ण, कोकम थंड, असें म्हणून आपल्या स्वयंपाकघरांत आजही पदार्थांची निवड होते. तशीच ती त्या काळच्या इटालियन सरदाराच्या मुदपाकखान्यांतही होत असे.

या दोन वैद्यकांची एकदां बगदाद येथें गांठही पडली होती. अब्बासी खलिफांच्या अमदानींत चरक व सुश्रुत यांच्या ग्रंथांचीं भाषांतरें झालीं, आणि अल्-राझी या थोर वैद्यानें आपल्या बृहद्ग्रंथांत चरकाच्या मतांचा नांवानिशीं उल्लेख केला. याच अल्-राझीनें देवी व गोंवर हे दोन निराळे रोग आहेत हें लक्षणांवरून स्पष्ट करून दाखविलें. त्याच्यामागून बुखाऱ्याकडचा इब्न सिना (इ. स. ९८०–१०३७) झाला. त्यानें गेलेनच्या मतांची जी सुसंगत संहिता रचली, ती बाराव्या शतकांत तोलेदो येथें क्रेमोनाच्या जेरार्डनें लॅटिन भाषेंत उतरविली आणि पुढें सतराव्या शतकापर्यंत युरोपांतील विद्यापीठांत ती पाठ्यग्रंथ म्हणून चालली. तेव्हां ज्यास आपण मध्ययुगीन युरोपचें वैद्यक म्हणतों, तें ग्रीक बीजापासून अरबी मळ्यांत वाढलेलें आणि लॅटिन शाळांत फळास आलेलें झाड होतें. त्याचा दोष अडाणीपणा हा नव्हता. उलट तें फार व्यवस्थित व फार पूर्ण होतें. ज्या शास्त्रांत प्रत्येक प्रश्नाचें उत्तर आधींच तयार असतें, त्यांत नव्या प्रश्नास शिरावयाला वाट सांपडत नाहीं.

प्रत्यक्ष व्यवहारांत हें शास्त्र कसें चाले? वैद्याचें ओळखण्याचें चिन्ह म्हणजे मूत्रपरीक्षेची कांचेची कुपी. रोग्याचें मूत्र तींत घालून उजेडाकडे धरावयाचें आणि त्याचा रंग तक्त्यांतील विसांएक रंगांशीं ताडून पाहावयाचा, ही त्याची मुख्य परीक्षा. उपचारांत पथ्य, रेच, वांती, काढे आणि रक्तमोक्षण. रक्त कोणत्या शिरेंतून व कोणत्या दिवशीं काढावें याचे नियम ज्योतिषावर बसविलेले होते. मेष रास मस्तकाची, मीन रास पावलांची, आणि मधल्या राशी मधल्या अवयवांच्या. चंद्र ज्या राशींत असेल त्या राशीच्या अंगास शस्त्र लावावयाचें नाहीं. पंधराव्या शतकांतील इंग्रज वैद्य अशा कोष्टकांचीं घडीचीं पंचांगें कमरेस अडकवून फिरत असत. शस्त्रकर्माकडे मात्र विद्वान् वैद्य तुच्छतेनें पाहत. इ. स. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेनें वरच्या श्रेणीच्या धर्माधिकाऱ्यांस कापण्याचें व डागण्याचें काम निषिद्ध ठरविलें, आणि तें पुष्कळ ठिकाणीं न्हाव्यांकडे राहिलें. खेड्यांतील गरिबास तर वैद्य परवडतच नसे. त्याची भिस्त सुइणीवर, झाडपाल्याची माहिती असलेल्या एखाद्या म्हातारीवर, आणि गांवच्या संतावर.

येथें धर्माची गोष्ट येते. रोग हें पापाचें प्रायश्चित्त होय ही समजूत सार्वत्रिक होती. परंतु त्यामुळें धर्म आणि वैद्यक यांचें हाडवैर होतें असें मानणें चुकीचें होईल. मठांच्या बागांत औषधी वनस्पती लावीत, मठवासी जुने ग्रंथ नकलून ठेवीत, आणि रोग्यांची सेवा हें पुण्यकर्म समजलें जाई. लंडन येथील सेंट बार्थॉलोम्यूचें रुग्णालय इ. स. ११२३ सालचें, बर्गंडींतील बोन येथील सुंदर रुग्णालय इ. स. १४४३ सालचें. कैरो येथें सुलतान कलाऊन यानें इ. स. १२८४ च्या सुमारास उभारलेलें रुग्णालय यांहूनही मोठें व सुसज्ज होतें. युरोपांतील या संस्थांत औषधापेक्षां ऊब, अन्न आणि प्रार्थना यांचाच भरणा अधिक असे, आणि पॅरिसच्या मोठ्या रुग्णालयांत एका बिछान्यावर अनेक रोगी निजत. तरीही ज्यास कोणी नाहीं त्यास मरतांना छप्पर मिळावें ही कल्पना या संस्थांनींच लोकांत रुजविली. आपल्या मराठींत पोर्तुगीजांच्या मार्फत आलेला ‘इस्पितळ’ हा शब्द याच कुळांतला आहे.

आतां, ज्या उपचारांस आधार नव्हता ते शतकानुशतकें टिकले कसे, हें पाहिलें पाहिजे. फ्रान्स व इंग्लंड येथील राजांच्या स्पर्शानें गंडमाळा बऱ्या होतात ही श्रद्धा इतकी चिवट कीं, इ. स. १७१२ मध्यें पुढें कोशकार म्हणून प्रसिद्धीस आलेल्या सॅम्युएल जॉन्सनला तान्हेपणीं राणी ॲनकडे याच कारणासाठीं नेलें होतें. गंडमाळा हा बहुधा क्षयाचाच एक प्रकार; तो मधून मधून आपोआप दबतो. दबला म्हणजे राजाचा प्रताप, न दबला म्हणजे रोग्याचें दैव. अशा हिशेबांत राजाचें नुकसान कधींच होत नाहीं. दुसरें उदाहरण याहून बोधप्रद आहे. हातापायांत आग होऊन ते काळे पडत व गळून जात, असा एक भयंकर रोग त्या काळीं वारंवार उद्भवे. त्यास ‘संत अँटनीचा अग्नि’ म्हणत. इ. स. १०९५ च्या सुमारास या रोग्यांच्या सेवेसाठीं संत अँटनीच्या नांवाचा एक सेवासंघच स्थापन झाला. त्याच्या आश्रयास जाणारे पुष्कळ रोगी बरे होत, आणि तो संताचा चमत्कार समजला जाई. खरें कारण राय नांवाच्या धान्यावर पडणारी विषारी बुरशी हें होतें. आश्रमांत चांगल्या धान्याची भाकरी मिळे, विष पोटांत जाणें थांबे, आणि रोग हटे. हा संबंध सतराव्या शतकांत दोदार या फ्रेंच वैद्यानें शास्त्रज्ञांपुढें मांडला. म्हणजे अनुभव खरा होता, गुण खरा होता, फक्त त्याचें श्रेय भलत्याच्या पदरीं पडत होतें.

याच्या उलटही दाखला आहे. ‘बॉल्डचें वैद्यपुस्तक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दहाव्या शतकाच्या सुमाराच्या इंग्रजी हस्तलिखितांत डोळ्याच्या पापणीवरील गळवासाठीं एक औषध दिलें आहे: लसूण, कांद्याच्या जातीची दुसरी एक भाजी, द्राक्षाची दारू आणि बैलाचें पित्त एकत्र कुटून पितळी भांड्यांत नऊ रात्री ठेवावें. इ. स. २०१५ मध्यें नॉटिंगहॅम विद्यापीठांतील संशोधकांनीं हें औषध बरहुकूम तयार करून पाहिलें, तेव्हां नव्या औषधांना न जुमानणारे जंतूही प्रयोगशाळेंत त्यानें मेले. एका पाठावरून सर्व पुस्तक खरें ठरत नाहीं. त्याच पुस्तकांत भुताखेतांवरचे उताराही आहेत. परंतु ज्यांनीं हा पाठ लिहून ठेविला त्यांस डोळे होते, एवढें तरी कबूल केलें पाहिजे.

अशा या समाजावर इ. स. १३४७ च्या ऑक्टोबर महिन्यांत वज्राघात झाला. काळ्या समुद्राकडून आलेलीं जिनोवाचीं गलबतें सिसिलींतील मेसिना बंदरास लागलीं, आणि त्यांच्याबरोबर ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच आपल्याकडील प्लेग, उतरला. पुढील वर्षीं तो आव्हिन्यों, फ्लॉरेन्स, पॅरिस व लंडन येथें पोंचला. कांखेंत व जांघेंत गांठी, ताप, अंगावर काळे डाग, आणि चारपांच दिवसांत मृत्यु. चारपांच वर्षांत युरोपांतील लोकसंख्येचा तिसरा हिस्सा तरी नाहींसा झाला. निम्मे लोक मेले असावेत असेंही पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. पेत्रार्क कवीची लॉरा याच सांथीच्या वर्षीं वारली. बोकाचिओनें आपल्या कथासंग्रहाच्या आरंभीं फ्लॉरेन्सचें जें वर्णन केलें आहे, त्यांत मृतांच्या संख्येहून अधिक भेसूर गोष्ट ही कीं, आईबाप मुलांना टाकून गेले.

फ्रान्सचा राजा सहावा फिलिप यानें पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेस कारण विचारलें. ऑक्टोबर १३४८ मध्यें विद्वानांचा लेखी अभिप्राय बाहेर पडला. तो असा कीं, इ. स. १३४५ च्या मार्च महिन्याच्या २० तारखेस दोन प्रहर टळल्यावर एका तासानें शनि, गुरु आणि मंगळ यांची कुंभ राशींत युति झाली. उष्ण व आर्द्र अशा गुरूनें पृथ्वीवरील दूषित बाष्पें वर ओढलीं, उष्ण व शुष्क अशा मंगळानें तीं पेटविलीं. आणि ही बिघडलेली हवा श्वासावाटे हृदयांत शिरून माणसें मरतात. या अभिप्रायांत तर्काची एकही कडी सुटलेली नाहीं. उणीव इतकीच कीं, तो लिहिण्यासाठीं एकाही रोग्याच्या उशाशीं जावें लागलें नसतें.

उपाय अर्थातच कारणास अनुरूप निघाले. सुवासिक लांकडें जाळावीं, दक्षिणेकडील खिडक्या लावून घ्याव्या, गरम पाण्यानें स्नान करूं नये, कारण त्यानें रोमरंध्रें उघडून विषारी हवा आंत शिरते, सापाचें मांस घातलेलें बहुमोल थेरियाक घ्यावें, रक्त काढावें, गांठ पिकल्यास फोडावी. आव्हिन्यों येथें पोप सहावा क्लेमेंट हा वैद्यांच्या सल्ल्यानें दोन धगधगत्या आगींच्या मध्यें बसून राहिला, आणि वांचला. त्याचा वैद्य गी द शोल्याक याची हकीकत आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. त्यानें रोगाचे दोन प्रकार ओळखले: एकांत रक्ताची थुंकी पडून रोगी तीन दिवसांत मरे, दुसऱ्यांत गांठी येऊन पांच दिवसांत. आजच्या शास्त्रासही हा भेद मान्य आहे. ग्रहयुतीवर त्याचाही विश्वास होता. परंतु आपल्या विद्येचा कांहीं उपयोग झाला नाहीं, वैद्यांना लाज वाटण्यासारखी स्थिति होती, आपण पळालों नाहीं तें केवळ अपकीर्तीच्या भीतीनें, असें त्यानें सरळ लिहून ठेविलें आहे. शेवटीं त्याला स्वतःला गांठ आली. सहा आठवडे तो मरणाच्या दारीं होता, आणि उठल्यावर त्यानें शस्त्रवैद्यकावरील आपला मोठा ग्रंथ इ. स. १३६३ मध्यें पुरा केला. अशा माणसास हंसण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

परंतु खोट्या कारणाचा परिणाम नेहमींच इतका निरुपद्रवी नसतो. आकाशांतील ग्रहांवर सूड उगवितां येत नाहीं. शेजाऱ्यावर उगवितां येतो. यहुदी लोकांनीं विहिरींत विष घातलें अशी आवई इ. स. १३४८ मध्यें उठली. सप्टेंबरांत जिनीव्हा सरोवराकांठच्या शियों किल्ल्यांत कांहीं यहुद्यांचे हाल हाल करून त्यांच्याकडून कबुलीजबाब घेण्यांत आले, आणि त्यांच्या नकला गांवोगांव फिरल्या. इ. स. १३४९ च्या जानेवारींत बाझल येथें, आणि १४ फेब्रुवारीस स्ट्रासबुर्ग येथें, शेंकडों यहुदी जिवंत जाळण्यांत आले. स्ट्रासबुर्गास त्या दिवशीं सांथ अद्याप पोंचलेलीही नव्हती! मात्र यहुद्यांचीं कर्जें बुडालीं आणि त्यांचा पैसा वाटला गेला. पोप क्लेमेंटनें दोन आज्ञापत्रें काढून या कत्तलींचा निषेध केला. त्याचा युक्तिवाद साधा होता: यहुदी स्वतःही याच रोगानें मरत आहेत, आणि जेथें एकही यहुदी नाहीं तेथेंही रोग आहे. आगींच्या मध्यें बसलेल्या या माणसानें पॅरिसच्या विद्वानांनीं न केलेली एक गोष्ट केली. त्यानें मताची तुलना घडलेल्या गोष्टींशीं केली. पण आव्हिन्योंबाहेर त्याचें फारसें कोणी ऐकलें नाहीं.

हीच तुलना ग्रॅनाडा येथील वजीर व वैद्य इब्न अल्-खतीब यानें अधिक शास्त्रीय रीतीनें केली. संसर्गानें रोग होत नाहीं असें परंपरेच्या आधारानें सांगणारे पंडित त्याच्या समाजांत पुष्कळ होते. त्यांना त्याचें उत्तर असें कीं, जो रोग्याजवळ जातो तो आजारी पडतो आणि जो दूर राहतो तो वांचतो. रोग कपड्यांतून, भांड्यांतून, कानांतल्या डुलांतूनही जातो. निरोगी बंदरांत दूषित देशांतून माणूस आला कीं तेथें सांथ सुरू होते. वचनाचा अर्थ आणि डोळ्यांची साक्ष यांत विरोध आला, तर वचनाचा अर्थ निराळा लावला पाहिजे, असें लिहिण्याचें धैर्य चौदाव्या शतकांत त्याच्या अंगीं होतें.

आणि जें विद्वानांच्या सभेंत घडलें नाहीं, तें व्यापाऱ्यांच्या सभेंत घडलें. एड्रियाटिक समुद्राकांठीं रगूझा नांवाचें लहानसें व्यापारी नगरराज्य होतें. आजचें त्याचें नांव दुब्रोव्हनिक. तेथील महासभेनें इ. स. १३७७ च्या जुलै महिन्यांत असा ठराव केला कीं, सांथीच्या प्रदेशांतून येणाऱ्यानें शहरांत शिरण्यापूर्वीं एक महिना जवळच्या निर्जन बेटावर किंवा ठराविक गांवीं राहावें. पुढें या तीस दिवसांचे चाळीस झाले, आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दापासून ‘क्वारंटीन’ हा शब्द जगभर पसरला. व्हेनिसनें इ. स. १४२३ मध्यें रोग्यांसाठीं एका बेटावर स्वतंत्र रुग्णालय बांधलें. रगूझाच्या व्यापाऱ्यांना रोगाचें कारण ठाऊक नव्हतें. पण बंदर बंद करतां येत नाहीं आणि उघडें ठेवलें तर शहर मरतें, हें त्यांना ठाऊक होतें, आणि त्यांतून त्यांनीं मध्यम मार्ग काढला. उंदीर ठराव मानीत नसल्यामुळें हा उपाय पुरा पडला नाहीं, इ. स. १७२० मध्यें मार्सेय येथें प्लेगनें पुन्हा कहर केला. तरीही आमच्या मतें मध्ययुगाची वैद्यकाला मोठी देणगी ती हीच.

खरें कारण सांपडावयास इ. स. १८९४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं हाँगकाँग येथें येर्सां यानें प्लेगचा जंतु शोधला, आणि इ. स. १८९८ मध्यें कराची येथें सिमों यानें उंदरावरील पिसवांचा संबंध दाखवून दिला. लंडनमधील इ. स. १३४८–४९ च्या दफनभूमींतील सांगाड्यांतून याच जंतूचें बीज इ. स. २०११ मध्यें ओळखण्यांत आलें, तेव्हां जुन्या महामारीविषयींचा वाद बहुतेक मिटला. मधल्या काळांत हाच रोग इ. स. १८९६ मध्यें मुंबईस आला होता. त्या वेळीं जंतु सांपडलेला होता, आणि हाफकिन यानें १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईंतच आपली लस प्रथम स्वतःला टोंचून घेतली. म्हणजे ज्ञान पुष्कळ पुढें गेलें होतें. परंतु रोग्याला पळवून नेऊन मारतात अशा अफवांनीं मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर गिरणीकामगारांचा जमाव चालून गेला. आणि पुण्यास घरझडतीच्या नांवाखालीं सोजिरांनीं जो धुमाकूळ घातला, त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवरील गोळीबारांत झाला. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें वारल्या. पांचशें वर्षांनंतरही भीति तीच, आणि तिला न जुमानणारी माणुसकीही तीच.

यावरून आम्ही एवढेंच म्हणूं इच्छितों कीं, मध्ययुगास त्याच्या अज्ञानासाठीं दोषी ठरवूं नये. नसलेलें ज्ञान कोणी कोठून आणावें? दोष द्यावयाचाच तर तो दोन गोष्टींसाठीं द्यावा: समोर दिसणाऱ्या गोष्टीपेक्षां पोथींतील उत्तर अधिक खरें मानल्याबद्दल, आणि कारण कळत नाहीं हें सहन न होऊन निरपराध्यास कारण ठरविल्याबद्दल. या दोन दोषांपैकीं एकही मध्ययुगाबरोबर संपलेला नाहीं. इ. स. २०२० मध्यें जगावर नवी सांथ आली, तेव्हां जुनें क्वारंटीन ‘विलगीकरण’ या नांवानें आपल्या दारांत येऊन उभें राहिलें, आणि त्याच्याबरोबर अफवाही आल्या. औषधें बदलतात, आजारी माणसाच्या उशाशीं कोण बसतो आणि दूर उभा राहून बोट कोण दाखवितो, हा प्रश्न मात्र प्रत्येक सांथींत नव्यानें विचारला जातो. गी द शोल्याक आपल्या जागेवरून हलला नाहीं, इतकें त्याच्या काळाविषयीं आपण आदरानें लक्षांत ठेवावें.